फॉन विलेब्रांड घटकाचे निष्कासन

फॉन विलेब्रांड घटक हे सस्तन प्राण्यांच्या रक्तद्रवातील, रक्त गोठण्याच्या प्रक्रियेत भाग घेणारे एक मोठे शर्कराप्रथिन आहे. रक्तातून हे प्रथिन काढून घेतले जाण्याच्या आणि पेशींमध्ये त्याचे विघटन होण्याच्या क्रियेस त्याचे निष्कासन म्हणतात. निष्कासनाचे काम प्रामुख्याने यकृतात चालते. या प्रथिनाची रक्तातील पातळी जेवढी त्याच्या निर्मितीवर अवलंबून असते, तेवढीच ती निष्कासनाच्या वेगावरही अवलंबून असते. हा वेग ठरविण्यात प्रथिनावरील शर्करांचा वाटा मोठा आहे. माणसामध्ये या शर्करांपैकी काही म्हणजेच ए, बी आणि ओ या रक्तगटांच्या खुणा होत. त्यामुळे मुंबईतील परळ येथे १९५२ मध्ये नोंदला गेलेला बॉम्बे रक्तगट या विषयाच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला.

== नाव आणि कार्य ==

फिनलंडमधील वैद्य एरिक फॉन विलेब्रांड यांनी ऑलंड बेटांवरील एका कुटुंबात आढळलेल्या आनुवंशिक रक्तस्रावाच्या विकाराचे वर्णन १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. हा विकार हिमोफिलियाहून वेगळा होता, कारण तो स्त्रियांनाही होत होता. विकाराच्या मुळाशी असलेले प्रथिन ओळखण्यास पुढे अनेक दशके लागली. त्याच्या जनुकाची रचना १९८५ मध्ये उलगडली. विकाराला आणि प्रथिनाला त्यांचेच नाव मिळाले.

या घटकाची मुख्य कामे दोन आहेत. रक्तवाहिनीस इजा झाली की उघड्या पडलेल्या कोलॅजनला तो चिकटतो आणि वेगाने वाहणाऱ्या रक्तातील बिंबाणूंना तेथे रोखून धरतो. दुसरे काम कमी दिसणारे, पण तितकेच आवश्यक आहे. रक्त गोठविणाऱ्या आठव्या घटकाला तो आपल्याशी बांधून ठेवतो आणि अकाली नाशापासून वाचवितो. फॉन विलेब्रांड घटक रक्तातून लवकर गेला तर त्याच्यासोबत आठवा घटकही जातो. म्हणून या प्रथिनाच्या तीव्र कमतरतेत रुग्णाला दोन्ही प्रकारचा रक्तस्राव होऊ शकतो.

== निर्मिती आणि रचना ==

हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशींमध्ये आणि अस्थिमज्जेतील, बिंबाणू निर्माण करणाऱ्या मोठ्या पेशींमध्ये तयार होते. रक्तद्रवातील प्रथिन मुख्यतः अंतःस्तरातून आलेले असते. तयार होताना त्याची साखळी २,८१३ ॲमिनो आम्लांची असते. पुढे तिचा आरंभीचा भाग तुटून वेगळा होतो आणि २,०५० ॲमिनो आम्लांचा परिपक्व घटक उरतो. असे अनेक घटक एकमेकांना जोडून लांब माळा बनतात. अंतःस्तरातील पेशी या माळा वायबेल-पालाडे पिंड नावाच्या लांबट कोठारांत साठवून ठेवतात. व्यायाम, भीती, ताप, गर्भारपण किंवा डेस्मोप्रेसिन हे औषध यांमुळे त्या रक्तात सोडल्या जातात.

तुटून वेगळा झालेला आरंभीचा भाग संशोधकांच्या विशेष उपयोगाचा ठरला आहे. परिपक्व घटक आणि हा भाग सारख्याच प्रमाणात रक्तात उतरतात, पण हा भाग दोन-तीन तासांतच निम्मा होतो आणि रक्तगटाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. म्हणून एखाद्या व्यक्तीत हा भाग नेहमीइतका आणि परिपक्व घटक मात्र कमी आढळला, तर निर्मिती ठीक असून निष्कासन जलद आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

परिपक्व घटकाच्या वस्तुमानाचा सुमारे पाचवा हिस्सा शर्करांचा असतो. प्रत्येक घटकावर नत्रामार्फत जोडलेल्या १२ आणि ऑक्सिजनमार्फत जोडलेल्या १० शर्करासाखळ्या असतात. बहुतेक साखळ्यांच्या टोकाशी सायॅलिक आम्ल असते. नत्रजोडणीच्या साखळ्यांपैकी सुमारे आठव्या हिश्श्यावर मात्र ए, बी किंवा एच या रक्तगटाच्या खुणा असतात. रक्तगट हा तांबड्या पेशींचा गुणधर्म आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात रक्तद्रवातल्या मोजक्या काही प्रथिनांवरही त्याची छाप असते आणि फॉन विलेब्रांड घटक हे त्यांतील ठळक उदाहरण होय.

== शर्करा आणि प्रथिनाचे आयुष्य: सशांवरील प्रयोग ==

प्रथिनावरील शर्करा त्याचे रक्तातील आयुष्य ठरवितात, ही कल्पना एका वेगळ्याच प्रथिनाच्या अभ्यासातून पुढे आली. न्यूयॉर्कमधील ॲनाटोल मोरेल आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील गिल्बर्ट ॲशवेल हे १९६० च्या दशकात सेरुलोप्लाझ्मिन या तांबेयुक्त रक्तद्रव-प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्यांनी किरणोत्सर्गी खूण केलेले सेरुलोप्लाझ्मिन सशांना टोचले. मूळ स्थितीतील प्रथिन रक्तात दीर्घकाळ टिकले. टोकांचे सायॅलिक आम्ल काढून टाकलेले प्रथिन मात्र काही मिनिटांत रक्तातून नाहीसे झाले आणि यकृतात सापडले.

सायॅलिक आम्ल गेल्यावर साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज उघडे पडते. यकृतपेशींच्या पृष्ठभागावरील एक ग्राही हे उघडे गॅलॅक्टोज ओळखून प्रथिनाला पेशीच्या आत ओढतो. पुढे लयकारिकांमधील विकरे त्याचे ॲमिनो आम्लांपर्यंत आणि सुट्या शर्करांपर्यंत विघटन करतात. या ग्राहीस आज ॲशवेल-मोरेल ग्राही म्हणतात. सायॅलिक आम्ल काढलेला मानवी फॉन विलेब्रांड घटक सशांना टोचला असता असाच परिणाम दिसला. त्याचे आयुष्य तासांवरून मिनिटांवर आले.

या ग्राहीचे नैसर्गिक कार्य काय, हा प्रश्न पुढे दीर्घकाळ रेंगाळला. निरोगी प्राण्याच्या रक्तातील प्रथिनांचे सायॅलिक आम्ल सहसा एकदम निघून जात नाही, मग यकृताने एवढी सोय कशासाठी राखून ठेवावी? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांनी एक पटणारे उत्तर दिले. न्यूमोकोकस हे जिवाणू सायॅलिक आम्ल तोडणारे विकर सोडतात. रक्तात त्यांचा संसर्ग झाला की बिंबाणूंवरील आणि फॉन विलेब्रांड घटकावरील सायॅलिक आम्ल गळते. ॲशवेल-मोरेल ग्राही असे बिंबाणू आणि घटक रक्तातून उचलून घेतो. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत सर्वत्र गुठळ्या होण्याचा जीवघेणा प्रकार आटोक्यात राहतो. हा ग्राही नसलेल्या उंदरांमध्ये अशा संसर्गात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. निष्कासन म्हणजे केवळ जुन्या मालाची विल्हेवाट नव्हे, हे या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

== निष्कासन करणाऱ्या पेशी ==

सायॅलिक आम्ल शाबूत असलेल्या, म्हणजे नेहमीच्या स्थितीतील घटकाचे निष्कासन मुख्यतः महाभक्षी पेशी करतात. जनुकीय बदलामुळे हे प्रथिन मुळीच नसलेल्या उंदरांना बाहेरून ते टोचून त्याचा माग काढता येतो. अशा प्रयोगांत प्रथिनाचा सर्वांत मोठा भाग यकृतात आणि त्याखालोखाल प्लीहेत जमा होतो. यकृतातील सूक्ष्म रक्तमार्गांच्या भिंतींवर कुप्फर पेशी या नावाच्या महाभक्षी पेशी ठाण मांडून असतात. औषधाने या पेशी नष्ट केल्या की उंदरांच्या रक्तात फॉन विलेब्रांड घटक अधिक काळ टिकतो.

पेशींवरील नेमके ग्राही कोणते, याची यादी गेल्या दोन दशकांत वाढत गेली आहे. एलआरपी-१ हा त्यांतील सर्वाधिक अभ्यासलेला. त्याचे वैशिष्ट्य असे की, स्थिर द्रवात तो फॉन विलेब्रांड घटकाला फारसा धरत नाही. प्रवाहाच्या ताणाने घटक उलगडला की मग धरतो. रक्तात शांतपणे वाहणारी माळ गुंडाळलेली असते आणि तिच्यावरील काही भाग झाकलेले असतात, असा याचा अर्थ लावला जातो. याखेरीज गॅलॅक्टोज ओळखणारा महाभक्षी पेशींवरील ग्राही, सिग्लेक-५, सीएलईसी-४एम, स्टॅबिलिन-२ आणि सफाईकारी ग्राहींपैकी काही यांचाही सहभाग दाखविण्यात आला आहे. एकच ग्राही बंद केल्याने निष्कासन थांबत नाही.

फॉन विलेब्रांड घटक ॲडॅमटीएस-१३ या विकराकडून कापला जातो, ही गोष्ट निष्कासनापासून वेगळी समजली पाहिजे. पाठ्यपुस्तकांत या दोहोंची अनेकदा गल्लत होते. हे विकर लांब माळा कापून त्यांची लांबी मर्यादेत ठेवते. ते नसेल तर अतिलांब माळांवर बिंबाणू जमून सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात, आणि तो स्वतंत्र व गंभीर आजार आहे. मात्र हे विकर नसलेल्या उंदरांतही घटकाच्या निष्कासनाचा वेग जवळपास तोच राहतो. कापण्याने माळा आखूड होतात, पण प्रथिन रक्तातच राहते. ते काढून घेण्याचे काम पेशींचेच आहे.

== आरआयआयआयएस/जे उंदीर ==

निष्कासनाचा वेग शर्करांवर ठरतो याचा जनुकीय पुरावा उंदरांच्या एका प्रयोगशाळेतील वाणात आयताच सापडला. आरआयआयआयएस/जे या वाणाच्या उंदरांच्या रक्तात फॉन विलेब्रांड घटक फार कमी असतो, परंतु त्यांच्या या प्रथिनाच्या जनुकात दोष नसतो. १९९९ मध्ये त्याचे कारण उघड झाले. एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन ही शर्करा जोडणारे एक विकर एरवी उंदराच्या आतड्याच्या अस्तरात असते. या वाणात जनुकाच्या नियंत्रक भागातील बदलामुळे ते रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरात तयार होऊ लागते. परिणामी फॉन विलेब्रांड घटकावर वेगळी शर्करा चढते, ॲशवेल-मोरेल ग्राही ती ओळखतो आणि प्रथिन रक्तात येताच उचलले जाते. एका विकराने जागा बदलल्यामुळे निर्दोष प्रथिनाचे आयुष्य घटले, असे हे दुर्मीळ आणि शिकविण्यास सोयीचे उदाहरण आहे. हा जनुकीय बदल जंगली उंदरांतही टिकून असल्याचे आढळले आहे.

== मानवी रक्तगट आणि घटकाची पातळी ==

अमेरिकेतील मिलवॉकी येथे १,११७ रक्तदात्यांवर झालेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फॉन विलेब्रांड घटकाची सरासरी पातळी ओ गटात सर्वांत कमी, म्हणजे दर डेसिलिटरला ७४.८ एकक आढळली. ए गटात ती १०५.९, बी गटात ११६.९ आणि एबी गटात १२३.३ होती. ओ गटातील पातळी इतरांहून सुमारे २५ ते ३० टक्के कमी असते, ही गोष्ट त्यानंतर जगभर पुन:पुन्हा दिसून आली आहे. जुळ्यांवरील अभ्यासावरून या पातळीतील आनुवंशिक भिन्नतेपैकी सुमारे ३० टक्के भाग एकट्या रक्तगटामुळे असतो, असा अंदाज आहे.

फरक निर्मितीत आहे की निष्कासनात, याचा निवाडा वर सांगितलेल्या आरंभीच्या भागाने केला. त्याची पातळी सर्व रक्तगटांत जवळपास सारखी आढळली. इटलीतील पादुआ येथील संशोधकांनी २००८ मध्ये निरोगी व्यक्तींना डेस्मोप्रेसिन देऊन रक्तात सुटलेल्या घटकाचा माग घेतला, तेव्हा त्याचा अर्धायुकाल ओ गटात सुमारे १० तास आणि इतर गटांत सुमारे २५ तास भरला. ओ गटाच्या व्यक्ती हे प्रथिन कमी बनवत नाहीत. त्यांच्या रक्तातून ते लवकर जाते.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. ओ गटेतर व्यक्तींमध्ये शिरांत गुठळी होण्याचा धोका ओ गटाच्या व्यक्तींपेक्षा सुमारे दीड ते दोन पट असतो. उलट, सौम्य स्वरूपाच्या फॉन विलेब्रांड विकाराचे निदान झालेल्यांत ओ गटाच्या व्यक्ती अपेक्षेपेक्षा अधिक असतात.

== बॉम्बे रक्तगटाचा पुरावा ==

ए आणि बी या खुणा एच नावाच्या पायाभूत खुणेवर एकेक शर्करा चढवून बनतात. ए गटात एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन, तर बी गटात गॅलॅक्टोज चढते. ओ गटात काहीच चढत नाही आणि एच खूण उघडी राहते. यावरून एक सरळ तर्क मांडला गेला होता: उघडी एच खूणच निष्कासन करणाऱ्या पेशींना खुणावत असावी, म्हणूनच ओ गटातील घटक लवकर जात असावा. रक्तातील घटकावर एच खुणेचे प्रमाण जितके अधिक तितकी त्याची पातळी कमी, असे आढळल्याने या तर्काला बळही मिळाले होते.

त्याची कसोटी घेण्यासाठी एच खूणच नसलेली माणसे हवी होती. अशी माणसे मुंबईच्या वैद्यकाला आधीपासून ठाऊक होती. नायगावच्या दक्षिणेस परळ येथे असलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे मुंबईकरांचे केईएम, आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही १९२६ मध्ये सुरू झाली. योगायोगाने फॉन विलेब्रांड यांचा लेखही त्याच वर्षीचा. डॉ. य. म. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी येथे काही अशा व्यक्तींचे रक्त तपासले, ज्यांच्या तांबड्या पेशी नेहमीच्या चाचणीत ओ गटाच्या वाटत, परंतु ज्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींनाही गोठे बनवून एकत्र आणत असे. लंडनच्या रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी हे निष्कर्ष मे १९५२ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या व्यक्तींच्या पेशींवर एच खूण नव्हती आणि रक्तरसात एचविरोधी प्रतिपिंडे होती. शहराच्या तत्कालीन नावावरून हा गट बॉम्बे रक्तगट म्हणून जगभर ओळखला जातो.

एच खूण बनविण्यासाठी फ्यूकोज ही शर्करा जोडणारे विकर लागते. भारतातील बॉम्बे गटाच्या व्यक्तींत या विकराच्या एफयूटी-१ जनुकात ७२५ व्या स्थानी एका अक्षराचा बदल आणि शेजारच्या एफयूटी-२ जनुकाचा लोप असे दोन दोष बहुधा एकत्र आढळतात. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा गट उद्भवतो. म्हणून नात्यात विवाह होणाऱ्या कुटुंबांत तो अधिक दिसतो. भारतात त्याचे प्रमाण साधारणपणे दहा हजारांत एक असे सांगितले जाते, युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांतून त्याच्या पुष्कळ नोंदी झाल्या आहेत. केईएमच्या आवारात १९५७ मध्ये सुरू झालेले रक्तगट संदर्भ केंद्र, म्हणजेच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था, या गटाच्या अभ्यासाचे प्रमुख ठिकाण राहिले आहे.

वरील तर्क खरा असता तर बॉम्बे गटाच्या व्यक्तींत फॉन विलेब्रांड घटकाची पातळी भरपूर असायला हवी होती, कारण पेशींना खुणावणारी एच खूण तेथे नाहीच. जेम्स ओडॉनेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके उलटे आढळले. बॉम्बे गटात ही पातळी ओ गटापेक्षाही कमी होती. शिवाय बॉम्बे आणि ओ या गटांतील घटक ॲडॅमटीएस-१३ कडून एबी गटातील घटकापेक्षा लवकर कापला जात होता.

या निकालामुळे प्रश्नाची मांडणीच बदलली. एच खूण घटकाला घालवत नाही. तिच्यावर चढणाऱ्या ए आणि बी शर्करा घटकाला राखतात आणि एच खुणेचाही त्यात थोडा वाटा असावा, असे आता मानणे अधिक सयुक्तिक आहे. शर्करा जितकी पूर्ण तितके आयुष्य लांब: एबी, बी, ए, ओ आणि शेवटी बॉम्बे असा उतरता क्रम लागतो. टोकाची शर्करा ग्राहीपासून एखादा भाग झाकते की घटकाचा आकार बदलते, याविषयी मात्र संशोधकांत एकमत नाही. प्रयोगशाळेतील उंदीर या बाबतीत मर्यादित उपयोगाचे ठरतात, कारण त्यांच्या या घटकावर मानवी रक्तगटाच्या खुणा नसतात. सशांनी आणि उंदरांनी सायॅलिक आम्लाचे महत्त्व उलगडले. रक्तगटाच्या शर्करांविषयीचा निर्णायक पुरावा मात्र दुर्मीळ माणसांच्या रक्तातूनच मिळवावा लागला.

== वैद्यकीय महत्त्व ==

फॉन विलेब्रांड विकाराच्या काही रुग्णांत घटक पुरेसा तयार होतो, पण जनुकातील बदलामुळे अतिशय लवकर नाहीसा होतो. इटलीतील विचेन्झा या शहराच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. यात १,२०५ व्या स्थानी आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन येते आणि घटकाचा अर्धायुकाल एक-दोन तासांवर येतो. अशा रुग्णाला डेस्मोप्रेसिन दिले तर पातळी झटकन वाढते, परंतु काही तासांतच पुन्हा खाली येते. औषध दिल्यानंतर तासाभराने घेतलेल्या एकाच चाचणीवर विसंबून शस्त्रक्रिया ठरविणे म्हणूनच धोक्याचे असते. चार तासांनी पुन्हा मोजणी करावी लागते. अशा रुग्णांना मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरून घटक द्यावा लागतो. संहत घटक महाग असल्याने भारतात अनेक ठिकाणी रक्तद्रवापासून काढलेल्या क्रायोप्रेसिपिटेटचा वापर होतो.

केवळ बॉम्बे रक्तगट असणे हा रक्तस्रावाचा आजार नव्हे. या गटाच्या बहुतेक व्यक्तींना घटकाची कमी पातळी जाणवतही नाही. त्यांचा खरा धोका रक्त देताना उद्भवतो. केवळ तांबड्या पेशींची चाचणी केली तर हा गट ओ म्हणून नोंदला जातो. त्या नोंदीवर विसंबून ओ गटाचे रक्त चढविल्यास रुग्णाची एचविरोधी प्रतिपिंडे त्या पेशी फोडतात आणि रुग्णाचा जीव धोक्यात येतो. रुग्णाचा रक्तरस ओ गटाच्या पेशींशी ताडून पाहिल्यावर चूक लगेच उघड होते. या व्यक्तींना तांबड्या पेशी फक्त बॉम्बे गटाच्या दात्याकडूनच घेता येतात, त्यामुळे अशा दात्यांच्या नोंदी ठेवणे आणि नियोजित शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे स्वतःचेच रक्त साठविणे हे दोन मार्ग अवलंबिले जातात.